अक्षरं आपली, दार परक्याचं

म्युनिकच्या जिल्हा न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी दिलेला एक निकाल वेबसाइट बनवणाऱ्यांच्या जगात अजून चघळला जातो. फिर्यादीची तक्रार साधी होती. त्याने एक वेबसाइट उघडली, तिच्यावरची अक्षरं गूगलच्या सर्व्हरवरून येत होती आणि त्यामुळे त्याचा आयपी पत्ता त्याला न विचारता गूगलकडे गेला. न्यायालयाने तक्रार उचलून धरली, वेबसाइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली आणि पुन्हा असं घडलं तर २,५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, अशी तंबी दिली. मालकाने आपल्या रास्त हिताचा बचाव पुढे केला होता. तो टिकला नाही. गूगलच्या सर्व्हरशी वाचकाची गाठ न घालून देताही हे फॉन्ट वापरता येतात, मग हे करायची गरजच काय होती, असा न्यायालयाचा रोख होता.

शंभर युरो ही काही मोठी रक्कम नव्हे. पण गरजच काय होती, हा प्रश्न मात्र त्या खटल्यापुरता राहत नाही. आज दहापैकी आठांहून अधिक वेबसाइट आपला वेगळा फॉन्ट वाचकाच्या यंत्रावर पाठवतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा तो दुसऱ्या कुणाकडून तरी पाठवतात. त्या दुसऱ्याला वाचकाबद्दल काय कळतं, ते टाळायचं कसं, आणि देवनागरीत ते टाळताना कुठे ठेच लागते, हे एकदा सगळं समोर मांडून पाहू.

आधी प्रत्यक्षात घडतं काय ते. फॉन्ट म्हणजे शेवटी एक फाइल. वेबपानाच्या माथ्यावर कुठेतरी एक ओळ असते: स्टाइलशीट अमुक पत्त्यावरून आणा. गूगलच्या बाबतीत तो पत्ता ‘फॉन्ट्स डॉट गूगलएपीआयएस डॉट कॉम’. वाचकाचा ब्राउझर तिथे जातो. तिथला सर्व्हर ब्राउझरची जातकुळी पाहून त्याला मानवेल अशी स्टाइलशीट देतो. तिच्यात खुद्द फॉन्टच्या फाइलींचे पत्ते असतात आणि ते दुसऱ्याच नावाने असतात, ‘फॉन्ट्स डॉट जीस्टॅटिक डॉट कॉम’. ब्राउझर पुन्हा तिकडे धावतो. या दोन्ही फेऱ्यांत तो आपली ओळख सांगत जातो: आयपी पत्ता, वेळ, ब्राउझर आणि यंत्राची प्रणाली कोणती, मालकाला कोणत्या भाषा हव्यात, आणि आपण कोणत्या वेबसाइटवरून आलो. ज्याने ब्राउझरमध्ये मराठी निवडली आहे, त्याची मराठीही त्या यादीत जाते. यातलं काहीही चोरून घेतलेलं नाही. वेब असंच चालतं. ज्याच्याकडे वस्तू मागायची, त्याला पत्ता द्यावाच लागतो. फरक इतकाच, की वाचकाने मागितलं होतं ते तुमचं पान. गूगलकडे त्याने काहीच मागितलं नव्हतं. ती मागणी त्याच्या नावाने तुम्ही केलीत.

इथे न्यायाने दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, गूगलचं जाहीर म्हणणं असं आहे की फॉन्टसेवा कुकी ठेवत नाही, आयपी पत्ते नोंदवून ठेवत नाही आणि इथली माहिती जाहिरातींसाठी वापरत नाही. दुसरी, २०२० पासून क्रोम आणि पाठोपाठ इतर ब्राउझर परक्या सर्व्हरला पानाचा पूर्ण पत्ता देत नाहीत, फक्त वेबसाइटचं नाव देतात. म्हणजे तुम्ही कोणता लेख वाचलात ते कळत नाही. कोणत्या वेबसाइटवर होतात ते कळतं. पुष्कळांना एवढ्यावर हायसं वाटतं. मला वाटत नाही. एचआयव्हीबद्दल सल्ला देणारं केंद्र, घरगुती हिंसाचारातून सुटू पाहणाऱ्या बायकांसाठीची हेल्पलाइन, व्यसनमुक्तीचं केंद्र: अशा ठिकाणी वेबसाइटचं नाव हीच सगळी बातमी असते. आणि गूगल शब्दाला जागतं असं धरलं, तरी वाचकाला ते तपासून पाहता येत नाही आणि त्याला विचारलेलंही नसतं.

एक बारकावा तर फार कमी जणांना ठाऊक असतो. या सेवेत मथळ्यापुरती चार अक्षरं हवी असतील, तर ती अक्षरं मागणीच्या पत्त्यातच लिहून पाठवायची सोय आहे. फाइल एवढीशी होते, पान झटकन उघडतं. पण मग पानावरचा मजकूरच त्या पत्त्यातून परक्या सर्व्हरला जातो. वेबसाइटच्या ठरलेल्या नावासाठी हे चालेल. वाचकाचं नाव मोठ्या अक्षरांत छापणाऱ्या निमंत्रणपत्रिकेसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी कुणी ही सोय वापरली, तर ते नाव पाठवल्यासारखंच झालं.

हे सगळं इथवर कसं आलं? १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबसाठी काही फॉन्ट मोफत खुले केले. व्हर्डाना आणि जॉर्जिया त्यांतलेच, दोन्ही मॅथ्यू कार्टर यांचे. पुढची बारा-तेरा वर्षं वेब जवळपास तेवढ्याच मूठभर फॉन्टांवर जगलं. पानासोबत फॉन्ट पाठवायची कल्पना १९९८ च्या सीएसएस-२ मध्ये होती, पण फॉन्ट बनवणाऱ्यांना चोरीची धास्ती आणि ब्राउझरवाल्यांचं एकमत नाही, यात ती पडून राहिली. २००८ मध्ये सफारीने आणि २००९ मध्ये फायरफॉक्सने साधे फॉन्ट स्वीकारायला सुरुवात केली. २००९ मध्ये टाइपकिट ही फॉन्टसेवा आली, जी पुढे अडोबीने घेतली. २०१० मध्ये गूगलने फुकट फॉन्टांचं भांडार उघडलं. एक ओळ चिकटवा, काम झालं. त्या काळी वेगवेगळ्या ब्राउझरना वेगवेगळ्या जातीच्या फाइली लागत. ती कटकट कुणीतरी अंगावर घेतंय म्हटल्यावर सगळे तिकडे वळले. त्यात नवल काही नाही.

मराठी वाचकाला वेबवरच्या फॉन्टची अडचण त्याच्याही आधीपासून माहीत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइट आपापल्या सांकेतिक व्यवस्थेतले फॉन्ट वापरत. पानाच्या माथ्यावर ‘फॉन्ट डाउनलोड करा’ अशी पट्टी असायची, आणि तो बसवला नाही तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. अमेरिकेतल्या मराठी माणसाने ऑफिसच्या संगणकावर तो फॉन्ट कसा बसवायचा, हा तेव्हाचा खराखुरा प्रश्न होता. म्हणून वेब फॉन्ट ही आपल्यासाठी कधी निव्वळ हौस नव्हती. डिसेंबर २०११ मध्ये विकिमीडियाने भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर वेब फॉन्ट द्यायला सुरुवात केली, कारण पुष्कळ वाचकांच्या यंत्रांवर त्या लिपींचे धड फॉन्टच नव्हते. लक्षात घेण्यासारखं हे, की त्यांनी ते स्वतःच्या सर्व्हरवरून दिले.

परक्या सर्व्हरची बाजू घेणारा एक युक्तिवाद मात्र बरीच वर्षं खरा होता. एकच फॉन्ट हजारो वेबसाइट गूगलकडून घेतात. वाचकाने तो एकीकडे उतरवला की दुसरीकडे ब्राउझरच्या साठ्यातूनच निघतो आणि पान लवकर उघडतं. हा युक्तिवाद आता संपला. सामाईक साठ्याचाच उपयोग करून एखादी वेबसाइट तुम्ही आधी कुठे जाऊन आलात ते ताडू शकत होती, म्हणून ब्राउझरनी प्रत्येक वेबसाइटचा साठा वेगळा केला. सफारीने २०१३ मध्येच, क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये, फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये. आता एका वेबसाइटवर उतरवलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट दुसऱ्या वेबसाइटवर कामाला येत नाही, पुन्हा उतरवावा लागतो. यातली गंमत अशी, की खासगीपणासाठी केलेल्या या बदलामुळे फॉन्टच्या परक्या सर्व्हरकडे जाणाऱ्या मागण्या वाढल्या. आणि वेगाचं म्हणाल तर उलटंच: दोन नव्या नावांचा पत्ता शोधायचा, दोन नव्या सुरक्षित जोडण्या करायच्या, आणि तोवर स्टाइलशीटसाठी पान अडून बसायचं. तालुक्याच्या गावी डळमळत्या मोबाइल जोडणीवर हे जाणवतं. तीच फाइल आपल्याच सर्व्हरवरून, आधीच उघडलेल्या जोडणीतून आली, तर बहुधा लवकर येते. तरीही ‘गूगलकडून घेतलं की वेगवान’ हे वाक्य २०१५ च्या शिकवण्यांमधून अजून फिरतं आहे.

परक्या सर्व्हरवर विसंबल्याचा आणखी एक फटका चीनमध्ये बसला. २०१४ मध्ये तिथे गूगलच्या सेवा अडवल्या गेल्या आणि ज्या वेबसाइटचा गूगलशी फॉन्टपलीकडे काही संबंध नव्हता, त्याही तिथे रखडू लागल्या.

आता पुन्हा जर्मनीकडे, कारण निकालानंतर जे घडलं ते निकालाइतकंच बोलकं आहे. २०२२ च्या उन्हाळ्यापासून जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या छोट्या व्यावसायिकांना वकिलांची पत्रं येऊ लागली. हॉटेलं, केशकर्तनालयं, वाद्यवृंद, कुणीही सुटलं नाही. तुमच्या वेबसाइटने माझ्या अशिलाचा पत्ता गूगलला दिला, जर्मनीत १७० युरो, ऑस्ट्रियात १९० युरो भरा आणि विषय मिटवा. रक्कम मुद्दाम अशी, की वकिलाकडे जाण्यापेक्षा भरून टाकणं स्वस्त पडावं. पुष्कळांनी भरली. मग डिसेंबर २०२२ मध्ये बर्लिनच्या सरकारी वकिलांनी अशा एका वकिलाच्या आणि त्याच्या अशिलाच्या ठिकाणांवर झडती घेतली. संशय फसवणूक आणि खंडणीचा. ३,४६,००० युरोंवर टाच आणण्याचे आदेश निघाले. सरकारी पक्षाचं म्हणणं असं, की त्या वेबसाइटना भेट देणारा माणूस नव्हताच, खास बनवलेला प्रोग्राम होता. मग खासगीपणा भंगला तो कुणाचा? मार्च २०२३ मध्ये म्युनिकच्याच न्यायालयाने अशा एका प्रकरणात, पैसे उकळण्यासाठी मुद्दाम ओढवून घेतलेल्या ‘हानी’ला संरक्षण नाही, या अंगाने निकाल दिला.

खासगीपणाच्या कायद्याची टवाळी करायला हा प्रसंग अनेकांना आयता मिळाला. मला ती टवाळी पटत नाही. पत्र पाठवणारे भामटे असले, म्हणून पत्रातली तांत्रिक गोष्ट खोटी ठरत नाही. आयपी पत्ता ही व्यक्तिगत माहिती ठरू शकते, हे युरोपीय न्यायालयाने ब्रेयर खटल्यात ऑक्टोबर २०१६ मध्येच सांगितलं होतं, अगदी बदलत्या आयपी पत्त्याबद्दलही. मात्र धाकाने ज्या हजारोंनी वेबसाइट दुरुस्त केल्या, त्यांतल्या अनेकांनी चुकीची दुरुस्ती केली, हे खरं. त्यांनी पानावर आणखी एक संमतीची खिडकी लावली: ‘आम्ही गूगलचे फॉन्ट वापरतो, मान्य आहे का?’ एका अक्षरवळणासाठी वाचकाला असं अडवणं हा मूळ प्रकारापेक्षा वाईट उपाय आहे. जे टाळता येतं, त्याची परवानगी मागू नये.

टाळायचं कसं? सरळ मार्ग: फॉन्टची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. हे आता खरोखर सोपं झालं आहे. पूर्वी चार-पाच जातींच्या फाइली लागत, आज वॉफ-२ जातीची एक फाइल पुरते. मार्च २०१८ मध्ये वॉफ-२ हे डब्ल्यू-थ्री-सी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाण झालं, सगळे चालते ब्राउझर ते वाचतात आणि आधीच्या वॉफपेक्षा त्याची फाइल बरीच लहान होते. वर्डप्रेसच्या एप्रिल २०२४ च्या ६.५ आवृत्तीत फॉन्टचं ग्रंथालयच आलं. तिथून गूगलचा फॉन्ट निवडला की तो तुमच्या सर्व्हरवर उतरतो आणि वाचकाला तिथूनच जातो. नेक्स्ट-जेएससारख्या चौकटी वेबसाइट बांधतानाच फॉन्ट आणून आत ठेवतात. हाताने बांधणाऱ्यासाठी फॉन्टसोर्ससारखी पॅकेजं आहेत. स्टाइलशीटमध्ये फॉन्ट-फेसचा एक नियम लिहायचा, फाइलीचा आपलाच पत्ता द्यायचा, फॉन्ट येईपर्यंत यंत्रातला फॉन्ट दाखवत राहा अशी सूचना द्यायची. अर्ध्या तासाचं काम आहे.

परवानगीचा प्रश्न इथे लोकांना उगाच भिववतो. गूगलच्या भांडारातले बहुतेक फॉन्ट एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. ते उतरवा, आपल्या सर्व्हरवर ठेवा, व्यावसायिक वेबसाइटवर वापरा, कुणाला विचारायला नको. फक्त फॉन्ट सुटा विकू नका आणि परवान्याची फाइल सोबत ठेवा. फॉन्टमध्ये काटछाट करणार असाल, तर त्याचं नाव ‘राखीव’ आहे का ते परवान्याच्या पहिल्या काही ओळींत पाहा. असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही.

विकतच्या फॉन्टांची गोष्ट वेगळी. अडोबी फॉन्ट्समधले फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची मुभाच नाही. ते अडोबीकडूनच यावे लागतात, कारण कोणता फॉन्ट किती वापरला गेला, त्यावर बनवणाऱ्यांचे पैसे ठरतात. काही विक्रेते पाने किती वेळा उघडली त्या हिशेबाने परवाना देतात आणि ती मोजदाद वाचकाच्या ब्राउझरकडून करवून घेतात. मायफॉन्ट्सकडून घेतलेल्या वेब फॉन्टच्या स्टाइलशीटमध्ये वरच्या बाजूला अशी एक ओळ सापडायची: ‘हॅलो डॉट मायफॉन्ट्स डॉट नेट’ या पत्त्यावरून मोजणीची फाइल आणा. फॉन्ट तुमच्या सर्व्हरवर, पैसे तुम्ही मोजलेले, आणि तरी प्रत्येक वाचकाची वर्दी विक्रेत्याला. ती ओळ काढली तर परवान्याचा भंग, ठेवली तर वाचकाच्या खासगीपणाचा. असा परवाना घेऊच नये. एकरकमी पैसे घेऊन फॉन्ट हातात देणारे कारखाने पुष्कळ आहेत.

मधल्या वाटाही आहेत. स्लोव्हेनियाच्या बनी या कंपनीने २०२२ मध्ये गूगलच्या जागी जसाच्या तसा बसेल असा फॉन्टसाठा उघडला. पत्त्यातलं नाव तेवढं बदलायचं. वाचकांच्या नोंदी ठेवत नाही, असं ती सांगते. क्लाउडफ्लेअरने २०२३ मध्ये गूगलचे फॉन्ट तुमच्याच डोमेनवरून फिरवून द्यायची सोय काढली. दोन्ही मार्ग आधीच्यापेक्षा बरे. पण बनीच्या बाबतीत विश्वास ठेवायचा माणूस तेवढा बदलतो, विश्वास ठेवणं तसंच राहतं. शेकडो जुन्या वेबसाइट एका दिवसात आवरायच्या असतील तर ही वाट धरा; नव्याने बांधताना तिचं कारण नाही.

आणि फॉन्टच न पाठवणं? इंग्रजी वेबसाइटसाठी हा उत्तम पर्याय आहे. वर्डप्रेसने स्वतःच्या कारभाराच्या पानांवरून ओपन सॅन्स २०१६ मध्ये काढला आणि यंत्रातल्या फॉन्टवर भागवलं. देवनागरीतही आता स्थिती बरी आहे. विंडोजवर आठव्या आवृत्तीपासून निर्मला, ॲपलवर कोहिनूर, अँड्रॉइडवर बहुधा नोटो. विंडोजवरच्या जुन्या मंगल फॉन्टच्या दिवसांपेक्षा हे कितीतरी चांगलं. लांब मजकुराला यंत्रातला फॉन्ट आणि मथळ्यांना आपला खास फॉन्ट, ही विभागणी मला सर्वांत व्यवहारी वाटते. दिवाळी अंकाच्या वेबसाइटला ओळख मिळते ती मथळ्यांमुळेच.

पण देवनागरी फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना जी ठेच लागते, ती इंग्रजी शिकवण्यांमध्ये सापडत नाही. रोमन फॉन्टची नेहमीच्या अक्षरांपुरती फाइल पंधरा-वीस किलोबाइटमध्ये बसते. देवनागरीत जोडाक्षरं, मात्रांची निरनिराळी रूपं, रफार आणि रकार धरून फाइल कितीतरी फुगते. म्हणून जो तो तिची काटछाट करायला बघतो, आणि नेमकं इथे बिघडतं. देवनागरी फॉन्टमध्ये अक्षरांच्या आकृत्यांबरोबर त्या जोडण्याचे नियमही असतात. अक्षरांची यादी देऊन बाकीचं छाटणारं एखादं अडाणी साधन ते नियमच उडवतं, मग ‘ज्ञानेश्वर’ पाय मोडलेला दिसतो.

मराठीची खास खोच ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मध्ये आहे. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ यांतला तो अर्धा र दोन रीतींनी टंकला जातो: कुणी नुक्त्याच्या ऱ ने, कुणी र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. ते न दिसणारं चिन्ह देवनागरीच्या कप्प्यात नाही, लांब २००डी या क्रमांकावर आहे. छाटणीच्या यादीत फक्त ०९०० ते ०९७एफ एवढंच लिहिलं, की ते निसटतं, आणि जुन्या लेखांतल्या ‘दऱ्या’ कोसळतात. गूगल स्वतः देवनागरीची फाइल कापताना २००सी, २००डी, रुपयाचं २०बी९ आणि मात्रा बसवायचं रिकामं वर्तुळ २५सीसी बरोबर ठेवतं, आपणही ठेवावं. ‘ॲ’ वेगळा तपासावा. तो युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टांत नसतो आणि ‘ॲप’ मधलं पहिलं अक्षर भलत्याच फॉन्टमधून उपटतं. ‘दऱ्याखोऱ्या, कुऱ्हाड, ज्ञानेश्वर, विद्यार्थी, ॲप, ₹’ एवढी एक ओळ पानावर टाकून पाहिली की फॉन्टची परीक्षा होते.

दुसरी खोच भाषेच्या खुणेची. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. अनेक फॉन्टांत ही मराठी रूपं असतात, पण पानावर भाषा मराठी असल्याची खूण असेल तरच ती दिसतात. खूण नसेल किंवा हिंदीची असेल तर हिंदी वळणाचा ल. गूगलच्या भांडारातला टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट ही रूपं मुळातच घेऊन येतो. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, नोटोचं कुटुंब: हे सगळे खुल्या परवान्याचे, सगळे आपल्या सर्व्हरवर ठेवता येणारे. मराठीला चांगले फॉन्ट नाहीत ही तक्रार आता जुनी झाली.

खासगीपणाला एक उलटा धोकाही आहे. वेबसाइट फॉन्ट पाठवते तसं ती तुमच्या यंत्रावर कोणते फॉन्ट आधीच आहेत, तेही ताडू शकते: एक शब्द निरनिराळ्या फॉन्टमध्ये लपवून मांडायचा आणि त्याची रुंदी मोजायची. बदलली तर फॉन्ट आहे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात ब्राउझर ओळखून काढायला सर्वांत उपयोगी पडणाऱ्या गोष्टींत फॉन्टची यादी होती. मराठी माणूस यात चटकन उठून दिसतो. डीटीपीचं काम करणाऱ्याच्या संगणकावर श्रीलिपी किंवा आकृतीचे डझनावारी फॉन्ट असतात. असा संगणक श्टुटगार्टमध्ये किंवा सिएटलमध्ये असेल, तर तो आपली ओळख गळ्यात बांधूनच फिरतो. सफारी २०१८ पासून वेबसाइटना फक्त ॲपलने दिलेले फॉन्ट दाखवतो, टॉर ब्राउझर आपले ठरावीक फॉन्ट सोबत आणतो. वेबसाइटवाल्याने इथे एवढंच करावं: ‘यंत्रावर असेल तर तो वापर’ अशी सूचना फॉन्ट-फेसमध्ये घालू नये.

कायद्याचं भारतात काय? डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. आयपी पत्त्याचं नाव कायद्यात नाही, पण ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती व्यक्तिगत, ही व्याख्या पुरेशी रुंद आहे. परदेशी माहिती नेण्याला सरसकट बंदी नाही. सरकार ज्या देशांची नावं जाहीर करील तेवढेच वर्ज्य. शंभर युरोंसारखी भरपाई वाचकाला मिळायची सोयही इथे नाही. दंड होईल तो सरकारजमा. त्यामुळे फॉन्टवरून पुण्यात कुणी खटला भरेल, अशी भीती घालण्यात अर्थ नाही. पण जर्मनीतल्या महाराष्ट्र मंडळांना युरोपचा कायदा थेट लागू आहे, आणि युरोपातल्या वाचकांना ठरवून वर्गणीदार करून घेणाऱ्या इथल्या प्रकाशनालाही तो लागू शकतो. गणेशोत्सवाच्या नावनोंदणीचं पान पाच वर्षांपूर्वीच्या फुकट थीमवर उभं असेल, तर ते एकदा तपासलेलं बरं.

तपासताना आधी जिथे नजर जात नाही तिथे पाहावं. फॉन्ट आपल्या सर्व्हरवर आणला, पण ‘आमचा पत्ता’ या पानावर गूगलचा नकाशा आहे. तो आपल्याबरोबर रोबोटो फॉन्ट गूगलकडून घेऊन येतो. यूट्यूबची चौकट आणि ‘मी यंत्र नाही’ची खूण यांचंही तेच. फोनची आणि लिफाफ्याची चिन्हं एखाद्या चिन्ह-फॉन्टमधून परक्या सर्व्हरवरून येत असतात. चार चिन्हांसाठी अख्खा फॉन्ट आणण्यापेक्षा ती एसव्हीजी म्हणून पानातच ठेवावीत. काही प्लगिन मुकाट्याने स्वतःचा फॉन्ट मागवतात. आणि हे सगळं आवरून झाल्यावर पानाच्या तळाशी जाहिरातींचे आणि मोजदादीचे चार ट्रॅकर तसेच चालू असतील, तर फॉन्टची मेहनत वाया गेली असं खुशाल समजावं. खासगीपणाच्या गळतीत फॉन्टचं भोक लहान आहे, हे मान्य. पण ते बुजवायला पैसे लागत नाहीत, वाचकाचं काही जात नाही, रूपही बिघडत नाही. म्हणून सुरुवात तिथून करावी.

तुमची वेबसाइट असेल तर आज संगणकावर ती उघडा, एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’मध्ये जाऊन ‘फॉन्ट’ निवडा आणि पान पुन्हा उघडा. आलेल्या प्रत्येक फाइलीपुढे तुमच्याच डोमेनचं नाव दिसलं पाहिजे. मग ‘सीएसएस’ निवडून तेच पुन्हा करा. दुसरं नाव दिसलं तर वेबसाइट सांभाळणाऱ्याला ते कळवा, आणि काम झाल्यावर सर्व्हरवर ‘फॉन्ट फक्त स्वतःकडूनच’ असं सुरक्षा धोरण लावून घ्यायला सांगा. ते लावलं की उद्या एखाद्या प्लगिनने तुमच्या पानात परका फॉन्ट मागवला, तरी ब्राउझर तो आणणार नाही.